अष्टकाच्या पलीकडचा इलेक्ट्रॉन

गॅसवर मीठ घातलेल्या पाण्यात बटाटे उकडत असतात. जरा नजर हटते, पाणी उतू जाते आणि निळी ज्योत एका क्षणात भडक पिवळी होते. ओटा पुसायला फडके उचलण्याआधी ती ज्योत नीट पाहून घ्यावी. तो पिवळा रंग सोडियमच्या एका इलेक्ट्रॉनचा आहे. सोडियमच्या अणूत अकरा इलेक्ट्रॉन असतात. दहा आत घट्ट बसलेले, अकरावा बाहेर एकटा. ज्योतीच्या उष्णतेने हा अकरावा वरच्या ऊर्जापातळीवर चढतो आणि सेकंदाच्या एक कोट्यंशाहूनही कमी वेळात खाली येतो. येताना ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा प्रकाश सोडतो. शहरातले जुने पिवळे पथदिवे याच इलेक्ट्रॉनवर चालत. मरीन ड्राइव्हवरचे तसे दिवे २०१५ साली काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा अनेक मुंबईकर हळहळले होते.

सोडियम चाकूने कापता येते, पाण्यात पडताच पेट घेते, वीज वाहून नेते आणि क्लोरीनशी जुळून मीठ होते, हे सगळेही त्या अकराव्या इलेक्ट्रॉनमुळेच. अणूचे जवळजवळ सगळे वजन केंद्रकात असते. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान प्रोटॉनच्या १,८३६ व्या भागाइतके. तरी पदार्थाचा रंग, कठीणपणा, चव, वास, तो जळतो की विरघळतो, हे सारे या हलक्या कणावर ठरते.

सोडियम आणि क्लोरीन का जुळतात, याचे उत्तर शाळेत आपल्याला एका वाक्यात मिळते: प्रत्येक अणूला आपले अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण करायचे असते. सोडियमला एक इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, क्लोरीनला एक घ्यायचा असतो, दोघांचे जमते. परीक्षेत हे वाक्य गुण मिळवून देते, आणि मी स्वतः अनेक वर्षे त्यावर समाधानी होतो. पण ते कारण नव्हे. ती झालेल्या गोष्टींची नोंद आहे. अणूला इच्छा नसते. मग आठचा आकडा येतो कुठून, आणि तो कुठे मोडतो, याचा शोध गेल्या सव्वाशे वर्षांत कसा लागत गेला ते पाहण्यासारखे आहे.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉन ओळखला. १९११ साली रदरफर्ड यांनी अणूच्या मधोमध एक अतिसूक्ष्म, धनप्रभारित केंद्रक असल्याचे मांडले आणि लगेच मोठी अडचण उभी राहिली. केंद्रक धन, इलेक्ट्रॉन ऋण. तो भोवती फिरत असेल, तर त्या काळच्या भौतिकीप्रमाणे त्याने सतत प्रकाश बाहेर टाकत, ऊर्जा गमावत, सेकंदाच्या शंभर अब्जाव्या भागात केंद्रकावर आदळायला हवे. म्हणजे एकही अणू टिकायला नको. नील्स बोर यांनी १९१३ साली ठरावीक ऊर्जापातळ्या मांडल्या आणि हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रेषांचे गणित अचूक जुळवले. पण इलेक्ट्रॉन सर्वांत खालच्या पातळीवर का थांबतो, आणखी खाली का कोसळत नाही, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

खरे उत्तर पुढच्या दशकात आले. द ब्रॉग्ली यांनी १९२४ साली इलेक्ट्रॉनला तरंग मानले आणि श्रोडिंगर यांनी १९२६ साली त्या तरंगाचे समीकरण लिहिले. सतारीवर बोट सरकवून तार आखूड केली की स्वर चढतो. इलेक्ट्रॉनचेही तसेच आहे. त्याला जितक्या कमी जागेत कोंडावे, तितकी त्याची गतिज ऊर्जा चढते. केंद्रकाच्या जवळ जाण्यात फायदा आहे, पण कोंडले जाण्याची किंमत मोजावी लागते. अंतर निम्मे केले तर ओढीचा फायदा दुप्पट होतो आणि कोंडण्याची किंमत चौपट. फायदा आणि किंमत यांचा मेळ हायड्रोजनमध्ये ०.५२९ अँगस्ट्रॉमवर बसतो. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग.) तिथून इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या जगातले ऊर्जेचे एकक) लागतात. अणूला आकार आहे तो एवढ्याच कारणाने. केंद्रकाभोवती ग्रहासारखे गरगरणारे ठिपके अजूनही पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर दिसतात, पण हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सर्वांत खालच्या पातळीवर असताना त्याला कक्षेत फिरण्याचा कोनीय संवेगच नसतो. तो फिरत नाही, तो पसरलेला असतो.

एका इलेक्ट्रॉनचे हे झाले. अनेक असले की? सगळेच खालच्या पातळीवर गोळा झाले असते, तर सोडियमचा अकरावाही तळाशीच बसला असता. बाहेर एकटा असा कोणी उरलाच नसता आणि रसायनशास्त्राला विषयच उरला नसता. तसे होत नाही याचे कारण वोल्फगांग पाउली यांनी १९२५ साली सांगितलेले वर्जन तत्त्व. एका कक्षकात, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या तरंगाच्या एका ठरावीक आकारात, जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन, तेही परस्परविरुद्ध फिरकीचे. म्हणून पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ, आणि जागा भरली की पुढच्याला बाहेरचे कवच. मेंडेलीव्ह यांनी १८६९ साली आवर्तसारणी मांडताना इलेक्ट्रॉन कोणालाच ठाऊक नव्हता, तरी सारणीतल्या रिकाम्या घरांवरून त्यांनी वर्तवलेले मूलद्रव्य १८७५ साली गॅलियम म्हणून सापडले. त्या घरांना खरा क्रमांक दिला हेन्री मोझली यांनी, १९१३ साली क्ष-किरणांच्या मोजमापातून. दोनच वर्षांनी, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी, गॅलिपोलीच्या लढाईत ते मारले गेले. विज्ञानाच्या इतिहासात याहून चटका लावणारे नुकसान मला माहीत नाही.

पाउलींच्या तत्त्वाचा पल्ला रसायनापुरता नाही. टेबलावर ठेवलेला हात टेबलात रुतत नाही, याचे कारण दोन्हीकडचे ऋणभार एकमेकांना ढकलतात एवढेच सांगितले जाते. ते अपुरे आहे. पदार्थ जागा व्यापतो आणि स्वतःतच कोसळत नाही, यासाठी वर्जन तत्त्व लागतेच, हे डायसन आणि लेनर्ड यांनी १९६७ साली गणिताने सिद्ध केले. इलेक्ट्रॉनचा हिशेब ताऱ्यांपर्यंतही पोहोचतो: त्यांच्या वातावरणात उष्णतेने अणूंचे इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटे होतात, याचे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० साली दिले होते. त्याच्याच आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५ साली दाखवले की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत.

आता मिठाकडे परत येऊ, कारण अष्टकाची गोष्ट तिथेच सांगितली जाते आणि तिथेच ती तपासता येते. सोडियमचा अकरावा इलेक्ट्रॉन काढायला ५.१४ इलेक्ट्रॉनव्होल्ट खर्च होतात. तो क्लोरीनला दिला की ३.६१ परत मिळतात. म्हणजे या देवघेवीत दीड इलेक्ट्रॉनव्होल्टचा तोटा! सोडियमला इलेक्ट्रॉन ‘द्यायचा’ असतो हे वाक्य इथेच कोसळते. सोडियम स्वखुशीने काही देत नाही, त्याच्याकडून ते सक्तीने काढावे लागते.

मग मीठ होते कसे? तोटा भरून निघतो तो नंतर, दोन विरुद्ध प्रभारांचे आयन जवळ आल्यावर. हिशेब केला तर साडेनऊ अँगस्ट्रॉमच्या आत आले की व्यवहार फायद्यात जातो. स्फटिकात ते त्याहून खूप जवळ, २.८२ अँगस्ट्रॉमवर असतात, आणि प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. सुट्या आयनांपासून असा स्फटिक रचला गेला की मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. मिठाचा बंध दोन अणूंमधला नाहीच, तो सबंध खड्याचा आहे. पालघर-उरणच्या मिठागरांतले जाड मीठ तळहातावर घेऊन भिंगातून पाहावे. झिजले नसतील अशा दाण्यांच्या कडा काटकोनात दिसतात. कणांची ती सहा बाजूंची मांडणी कोटी कोटी पटींनी मोठी होऊन हातावर आलेली असते.

सोडियम एकावरच का थांबते, दुसरा इलेक्ट्रॉन का देत नाही? कारण दुसरा काढायला ४७.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, पहिल्याच्या नऊपट. तो आतल्या कवचातला, केंद्रकाच्या जवळचा, आणि त्याच्यापासून केंद्रकाला झाकणारे इलेक्ट्रॉनही थोडे. इतका खर्च कोणताही स्फटिक भरून देऊ शकत नाही. आठचा आकडा हा या उभ्या चढाचा पायथा आहे. याची उलट बाजू ऑक्सिजनमध्ये दिसते. चुनकळीत ऑक्सिजन दोन इलेक्ट्रॉन घेऊन, अष्टक पूर्ण करून बसलेला असतो. पण तोच आयन एकटा बाहेर काढला तर तो टिकतच नाही, दुसरा इलेक्ट्रॉन ताबडतोब फेकून देतो. आठ पूर्ण असूनही! स्फटिकातल्या कॅल्शियम आयनांनी चारी बाजूंनी सांभाळले, तरच तो तसा राहतो.

राजवायूंबद्दलची श्रद्धाही अशीच मोडली. त्यांचे अष्टक पूर्ण, म्हणून ते कोणाशी जुळणार नाहीत, असे कित्येक दशके शिकवले गेले. व्हँकुव्हरमध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नील बार्टलेट यांना प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड हा वायू ऑक्सिजनच्या रेणूकडूनही इलेक्ट्रॉन काढून घेतो असे आढळले. त्यांनी तक्ते पाहिले. ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन काढायला १२.०७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, झेनॉनचा काढायला १२.१३. फरक नगण्य. १९६२ साली त्यांनी दोन वायू एकत्र सोडले आणि काचेच्या नळीत पिवळ्या रंगाचा घन पदार्थ जमला. ते दोन आकडे छापलेले होते आणि कोणीही शेजारी ठेवून पाहू शकले असते. नियमावरच्या श्रद्धेने ते होऊ दिले नव्हते.

सहसंयुज बंधाची कथा अधिक गहन आहे. गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात असे मांडले, आणि ठिपक्यांच्या त्या आकृत्या आजही फळ्यावर काढल्या जातात. पण वाटून घेतल्याने बंध का व्हावा? हायटलर आणि लंडन यांनी १९२७ साली हायड्रोजन रेणूचे पहिले पुंजयांत्रिक गणित केले, तेव्हा याचा पाया मिळाला. या रेणूत केंद्रके ०.७४ अँगस्ट्रॉमवर असतात आणि बंध तोडायला साडेचार इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. आता यातला एक इलेक्ट्रॉन काढून टाकला तर? जोडी मोडली, म्हणजे बंध सुटायला हवा. तो सुटत नाही. १.०६ अँगस्ट्रॉमवर, २.६५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा बंध एकट्या इलेक्ट्रॉनवर टिकून राहतो. म्हणजे जोडी ही बंधाची अट नाही. एका कक्षकात दोनच मावतात, म्हणून बंध बहुधा जोडीचा होतो, इतकेच.

बंधाचे मूळ कारण काय, यावर अजून वाद आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. नेहमीचे स्पष्टीकरण असे की दोन केंद्रकांच्या मध्ये साचलेला ऋणभार दोघांना ओढून धरतो. क्लाउस रूडेनबर्ग यांनी १९६२ साली वेगळे दाखवले: इलेक्ट्रॉनला एकाऐवजी दोन अणूंवर पसरायला मिळते, कोंडण्याची किंमत उतरते, आणि बंधाची सुरुवात तिथे होते. हायड्रोजनपुरते हे पटते. पण २०२० साली लेव्हाइन आणि हेड-गॉर्डन यांनी दाखवले की कार्बन-कार्बनसारख्या बंधांत आतल्या इलेक्ट्रॉनांमुळे चित्र बदलते, तिथे अणू जवळ येताना गतिज ऊर्जा वाढतेही. माझे मत असे की कारण एकच असायला हवे हा हट्टच सोडावा. सर्वत्र सारखी आहे ती इलेक्ट्रॉनच्या लाटांची एकमेकींत मिसळण्याची रीत. फायदा कोणत्या खात्यात जमा होतो ते अणूप्रमाणे बदलते.

लायनस पॉलिंग यांच्या १९३९ च्या ‘द नेचर ऑफ द केमिकल बाँड’ या ग्रंथाने रसायनशास्त्रज्ञांच्या पिढ्या घडवल्या. त्यांची मांडणी लुईसच्या जोड्यांना धरून होती, म्हणून समजायला सोपी. हुंड आणि मलिकन यांनी दुसरी वाट धरली: इलेक्ट्रॉन कोणा दोन अणूंचे नसून सबंध रेणूचे. या दोन वाटांत कोणती खरी, हे ऑक्सिजनला विचारावे. ठिपक्यांच्या आकृतीत ऑक्सिजनच्या रेणूतले सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसतात. पण फिकट निळा द्रवरूप ऑक्सिजन ताकदवान चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला की तो तिथेच लोंबकळत राहतो, खाली सांडत नाही. चुंबकाला असा प्रतिसाद द्यायला एकटे इलेक्ट्रॉन लागतात. मलिकन यांच्या हिशेबात असे दोन एकटे इलेक्ट्रॉन आपोआप निघतात. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात ठिपक्यांच्या आकृतीत न मावणारा हा रेणू असतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. बंधात ऊर्जा साठवलेली असते आणि तो तुटला की ती बाहेर पडते, असे सर्रास छापले जाते. बंध तोडायला ऊर्जा नेहमी खर्चच होते. सिलिंडरमधला वायू जळताना उष्णता मिळते ती नव्याने जुळणाऱ्या, अधिक मजबूत बंधांतून, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होताना.

धातूंत बाहेरचे इलेक्ट्रॉन सबंध तुकड्यात पसरतात. म्हणून तांब्याचे भांडे ठोकले तरी फुटत नाही, आकार घेते. पाण्यात ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरतो, हायड्रोजन किंचित धन होतो आणि शेजारच्या रेणूला चिकटतो. याच दुबळ्या हायड्रोजन बंधांमुळे बर्फ तरंगतो. यांहूनही दुबळी ओढ कुठल्याही दोन रेणूंत असते. इलेक्ट्रॉनांच्या वाटपात क्षणोक्षणी होणाऱ्या हेलकाव्यांतून ती येते, आणि फ्रिट्झ लंडन यांनी तिचे गणित १९३० साली मांडले. ट्यूबलाइटजवळ किड्यांवर टपलेली पाल छताला उलटी चिकटून राहते ती मुख्यतः याच ओढीवर. तिच्या बोटांखाली सूक्ष्म केसांची दाटी असते, प्रत्येक केसाला पुन्हा शेकडो फाटे, आणि ते भिंतीच्या इतके जवळ टेकतात की नगण्य ओढींची बेरीज तिचे वजन पेलते.

नाशिककडचे द्राक्षबागायतदार मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातला मोरचुदाचा निळा खडा हाही इलेक्ट्रॉनचाच धडा आहे. परीक्षानळीत तो तापवा. नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात, खड्याचा निळेपणा उडतो आणि पांढरी भुकटी उरते. थंड झाल्यावर तिच्यावर थेंबभर पाणी टाका, निळा रंग परत येतो आणि नळी हाताला कोमट लागते. तांब्याच्या आयनात बाहेरच्या बाजूला नऊ इलेक्ट्रॉन असतात. भोवती पाण्याचे रेणू आले की त्यांच्या पातळ्यांत फट पडते, ती फट ओलांडायला तांबडा-नारिंगी प्रकाश वापरला जातो आणि डोळ्यांपर्यंत निळा पोहोचतो. पाणी गेले की फट आक्रसते, शोषण अवरक्ताकडे सरकते आणि डोळ्यांना रंग दिसत नाही.

सोन्याचा रंग याहून नवलाचा. सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीने सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे ५८ टक्के होतो, आणि तिथे आइनस्टाइन यांचा सापेक्षता सिद्धांत लागू पडतो. आतले कक्षक आक्रसतात, त्यांच्या पाठोपाठ सर्वांत बाहेरचाही आक्रसतो, त्याच्या खालच्या पातळीशी असलेले अंतर कमी होते आणि सोने निळा प्रकाश शोषू लागते. उरतो तो पिवळा. चांदीत हे शोषण अतिनीलात होते, म्हणून ती पांढरी. सापेक्षतेविना मंगळसूत्राच्या वाट्या चांदीसारख्या दिसल्या असत्या. पारा द्रव असण्यातही हेच कारण आहे. मोटारीच्या शिशाच्या बॅटरीतल्या बारा व्होल्टपैकी सुमारे दहा व्होल्ट सापेक्षतेचे देणे आहे, असा हिशेब २०११ साली प्रसिद्ध झाला.

आज हे गणित संगणक करतात. वॉल्टर कोन यांनी १९६४-६५ साली दाखवले की प्रत्येक इलेक्ट्रॉनची लाट स्वतंत्र न मांडता त्यांच्या एकूण घनतेवरूनही रेणूची ऊर्जा काढता येते. औषधांपासून बॅटरीपर्यंतचे संशोधन त्या वाटेने चालते, आणि १९९८ चे नोबेल त्यांना जॉन पोपल यांच्याबरोबर विभागून मिळाले. इलेक्ट्रॉनच्या हालचाली मोजण्याइतके आखूड, अॅटोसेकंदांचे प्रकाशझोत बनवणाऱ्या तिघांना २०२३ चे नोबेल मिळाले.

तरीही एक जागा या सगळ्यांना अडवून आहे, आणि ती रब्बीच्या शेतात सापडते. हवेतल्या नायट्रोजनच्या रेणूत तिहेरी बंध असतो. तो तोडायला मोलमागे ९४५ किलोज्यूल लागतात. अलिबागजवळच्या थळसारख्या खतकारखान्यांत हे काम लोहाचा उत्प्रेरक, चारशे-पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या शेकडो पट दाब वापरून होते. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तेच काम जमिनीच्या साध्या तापमानाला करतात. त्यांच्या विकरात सात लोह, नऊ गंधक, एक मॉलिब्डेनम आणि मधोमध एक कार्बन असा अणूंचा पुंजका असतो. त्या मधल्या अणूची ओळख २०११ साली पटली. पण लोहाच्या सात अणूंमधले एकटे इलेक्ट्रॉन एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की घनतेवर चालणाऱ्या वेगवेगळ्या पद्धती वेगवेगळी उत्तरे देतात, आणि पुंज संगणकांनी आधी हेच गणित सोडवावे असा अनेकांचा आग्रह आहे. हरभऱ्याचे एक रोप मुळासकट हलकेच उपटून त्यावरची जिवंत गाठ नखाने फोडली, तर आत गुलाबी रंग दिसतो. तो आपल्या रक्ताच्याच जातीच्या एका प्रथिनाचा. ते ऑक्सिजनला लोहाशी बांधून ठेवते, म्हणजे तो पुंजक्यापर्यंत मोकळा पोहोचत नाही आणि नायट्रोजन फोडण्याचे काम चालू राहते.